इलाइट चौराह्याच्या बाजूने

महाराष्ट्रातून झाशीला येणारे मराठी पाहुणे मला ठरलेले दोन प्रश्न विचारतात. पहिला असतो, "तुम्ही किल्ल्याजवळच राहता का?" मी इलाइट चौराह्यामागच्या गल्लीत राहते असं सांगितलं की चेहरे जरा उतरतात. राणीच्या झाशीत राहणाऱ्या बाईचा पत्ता एखाद्या मॉलसारखा असावा, हे त्यांना रुचत नाही. मग दुसरा प्रश्न येतो, "असंच असेल तर पुण्यालाच का येत नाही? मुलीचं मराठी तरी टिकेल."

प्रश्न दोन असले तरी त्यांच्यामागची समजूत एकच आहे. मराठी कुठल्या तरी तटबंदीच्या आत जगते, अशी ती समजूत. ही तटबंदी इतिहासाची असू शकते, म्हणजे झाशीचा परकोट. किंवा राज्याची, म्हणजे महाराष्ट्राची हद्द. दोन्हींच्या बाहेर राहणारा मराठी माणूस हिशेबात धरला जातो तो गळतीच्या बाजूला. त्याच्याबद्दल हळहळायचं, दिवाळी अंकात त्याच्यावर एखादा लेख छापायचा आणि सुट्टीत त्याला घरी बोलवायचं.

मला ही हळहळ नको आहे, आणि ती का नको हे सांगण्याची वेळही आली आहे. मुलगी यंदा दहावी झाली. पुण्यातल्या मावसभावाने कोथरूडमध्ये भाड्याची जागा पाहून ठेवली आहे. माझं काम अनुवादाचं; ते कुठेही बसून करता येतं. त्यामुळे इलाइट चौराह्यावर राहायचं की नाही, हा प्रश्न आमच्या घरात या महिन्यात खरोखरच सुटायचा आहे. घर निवडताना माणसं कागदावर दोन रकाने आखतात, तसे मीही आखले.

सोयींचा हिशेब लवकर संपतो. इलाइट म्हणजे सिव्हिल लाइन्सचा भाग. एका बाजूला स्टेशन, दुसऱ्या बाजूला जुनं शहर. चौराह्याचं नाव एका जुन्या सिनेमागृहावरून पडलं असं इथले लोक सांगतात. स्टेशन जवळ असल्यामुळे पंजाब मेल, झेलम आणि गोवा एक्स्प्रेस मिळतात, म्हणजे मुंबई आणि पुणे एका रात्रीच्या थोडं पलीकडे; दिल्ली साधारण चारशे किलोमीटर. मेडिकल कॉलेज आणि बुंदेलखंड विद्यापीठ कानपूर रस्त्यावर. चौराह्यावर उभं राहिलं की ऑटोवाले त्यांचीच नावं ओरडत असतात. वाईट बाजूला गोंगाट, शोरूमचे दिवे, लग्नसराईतले बँड, पार्किंगची भांडणं, आणि मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढे जाणारा पारा. पाणी हा तर सगळ्या बुंदेलखंडाचाच प्रश्न. तो परकोटातही आहे. एवढं मांडून झालं की कागद जवळपास समसमान उरतो. निकाल भाषेच्या रकान्यावर लागणार, आणि वाद तिथेच आहे.

त्या रकान्यात पहिली नोंद करायची ती पत्त्याची. आमच्या भागाचं पोलीस ठाणं नवाबाद. इथली नव्या पिढीतली मुलं समजतात की कुणा नवाबाचा संबंध असेल. नवाबाचा काही संबंध नाही. इंग्रजी गॅझेटियरमध्ये या वसाहतीचं नाव झाशी नौआबाद असं आहे: नव्याने आबाद झालेली, नवी वस्ती. ती नवी का वसवावी लागली, हे झाशीबद्दल रडणाऱ्या पुस्तकांत क्वचित सापडतं. १८५३ च्या नोव्हेंबरात गंगाधरराव वारले, १८५४ मध्ये डलहौसीने संस्थान खालसा केलं, १८५८ च्या एप्रिलमध्ये ह्यू रोजच्या फौजेने शहर घेतलं, लुटलं आणि माणसं मारली. इतकं सगळ्यांना ठाऊक असतं. पण पुढे १८६१ मध्ये इंग्रजांनी झाशी शहर आणि किल्ला शिंद्यांना देऊन टाकला. जिल्ह्याची कचेरी, छावणी आणि साहेबांची वस्ती मात्र त्यांनी स्वतःकडे, शहराच्या बाहेर ठेवली. तीच नौआबाद. १८८६ मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला आणि मुरार शिंद्यांना परत करून त्या बदल्यात इंग्रजांनी झाशी शहर घेतलं. म्हणजे पंचवीस वर्षं परकोटातल्या माणसाला आज जिथे मी भाजी घेते तिथे यायचं, तर ते एका राज्यातून दुसऱ्या राज्यात येणं होतं.

हा इतिहास माझ्या पत्त्याच्या विरोधात जातो, हे मला दिसतं. शहर मारणाऱ्यांनी शहराबाहेर ऐसपैस रस्ते आखले आणि त्यावर बंगले बांधले. इलाइट चौराहा त्या आखणीचा वारस आहे. पाहुण्यांचा चेहरा उतरतो त्यामागे हे ज्ञान असतं तर मी गप्प बसले असते. पण त्यांची तक्रार वेगळी असते. त्यांना वाटतं की आतली झाशी मूळची मराठी आणि बाहेरची परकी.

आतली झाशी तरी मूळची मराठी कधी होती? किल्ला बांधला ओरछाच्या वीरसिंहदेव बुंदेल्याने, १६१३ मध्ये. छत्रसालाने बाजीरावाला आपल्या राज्याचा तिसरा हिस्सा दिल्यानंतर या मुलखात मराठे आले. १७४२ च्या सुमाराला नारोशंकर सुभेदार झाले, किल्ल्याला शंकरगढाचा भाग जोडला गेला आणि किल्ल्याखालचं गाव वाढून शहर झालं. त्यानंतर नेवाळकर आले. दशग्रंथी ब्राह्मण, कारकून, शिलेदार, हलवाई, गवई, कोकणातले आणि खानदेशातले, सगळे याच काळात येऊन राहिले. खंडेराव दरवाजा हे नाव परकोटाला तेव्हाच्याच वस्तीने दिलेलं. ओरछाच्या माणसाच्या नजरेने पाहिलं, तर अठराव्या शतकातलं परकोटाच्या आतलं सगळं मराठी जग हेच एक नौआबाद होतं. आज ज्याला आपण मराठी झाशीचं मूळ म्हणतो, ती नव्याने येऊन वसलेल्यांची वस्ती होती. तिला जुनी म्हणायला आपल्याला पुरेसा वेळ मिळाला, इतकंच.

खुद्द राणीचं काय? पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर, बालगंधर्वजवळ तिचा घोड्यावरचा पुतळा आहे. तिचा जन्म काशीचा, बालपण बिठूरचं, संसार आणि राज्य झाशीचं, मरण ग्वाल्हेरचं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावाचं नाव या यादीत नाही. मराठी अस्मितेला घोड्यावर बसवायला जी बाई लागते तिचं सगळं आयुष्य आजच्या भाषेत सांगायचं तर 'महाराष्ट्राबाहेरचं' आहे. तिला कुणी पुण्याला येऊन राहा म्हणून सल्ला दिला नव्हता.

आता साहित्याकडे वळते, कारण या अंकाचे वाचक तिथलेच आहेत. झाशीवरचं मराठीतलं सगळ्यात मोलाचं पुस्तक विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. हा माणूस पेणजवळच्या वरसईचा. मथुरेला बायजाबाई शिंदे यज्ञ करणार, दक्षिणा मोठी मिळणार, म्हणून कर्ज फेडायला निघाला आणि बंडात सापडला. झाशीच्या वेढ्यात तो शहरात होता. राजवाड्यातला ग्रंथसंग्रह नष्ट झाला, त्याची हळहळ त्याने लिहून ठेवली आहे. घरी परतल्यावर कितीतरी वर्षांनी, १८८३ च्या सुमाराला, त्याने हे लिहिलं. ते छापून आलं १९०७ मध्ये, चिंतामण विनायक वैद्यांच्या हातून, बऱ्याच फेरफारांसह. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी काढली ती १९६६ मध्ये. म्हणजे अस्सल मजकूर मराठी वाचकाच्या हाती यायला ऐंशीहून अधिक वर्षं लागली. त्याआधीच लखनौच्या अमृतलाल नागरांनी हे पुस्तक 'आँखों देखा ग़दर' म्हणून हिंदीत नेलं होतं. अलीकडे मृणाल पांडे यांनी ते इंग्रजीत आणलं, प्रिया आदरकर आणि शांता गोखले यांनीही आणलं. राणीचं बंगालीतलं चरित्र महाश्वेतादेवींनी १९५६ मध्ये लिहिलं, त्यासाठी त्या झाशीत येऊन हिंडल्या. हिंदी वाचकाची राणी घडवली वृंदावनलाल वर्मांच्या १९४६ च्या कादंबरीने. तेही याच जिल्ह्यातले. या पुस्तकांची नावं एका ओळीत ठेवली की दिसतं: झाशी ज्यांनी लिहिली त्यांतले बहुतेक तिथे बाहेरून आले होते, किंवा दुसऱ्या भाषेत होते. तटाच्या आत बसून मराठीने झाशी राखली, असं या यादीतलं एकही नाव सांगत नाही.

आणि नौआबादच्या बाजूला? १८८९ मध्ये रेल्वेचा मोठा फाटा झाला, त्यानंतर कारखाना आला, १९०० पासून ही लाइन जी.आय.पी. कडे, म्हणजे मुंबईच्या कंपनीकडे गेली. माझे पणजोबा त्याच कंपनीचे कारकून म्हणून जळगावहून इथे आले. याच रेल्वेच्या झाशीतल्या कचेरीत महावीरप्रसाद द्विवेदी नोकरी करत होते. वरिष्ठांशी बिनसलं, नोकरी सोडली, आणि १९०३ पासून 'सरस्वती'च्या संपादकपदावरून त्यांनी आधुनिक हिंदी गद्याला वळण लावलं. द्विवेदींना मराठी चांगलं येत होतं. हिंदी गद्य घडवणाऱ्या माणसाच्या टेबलावर मराठी होती ती कुठल्या राजवाड्यामुळे नव्हे. ती आली तारखात्यातून, बदल्यांतून, रेल्वेच्या लायनीतून. चंद्रशेखर आझाद झाशीत राहिले तेव्हा त्यांच्या भोवतीच्या पोरांत सदाशिवराव मलकापूरकर होते, विश्वनाथ वैशंपायन होते. वैशंपायनांनी पुढे आझादांचं चरित्र लिहिलं ते हिंदीत.

थोडं आणखी लांब पाहा. भा. रा. तांबे मुंगावलीचे, झाशीपासून काही तासांवरचे. त्यांचं आयुष्य देवास आणि ग्वाल्हेरसारख्या संस्थानांत गेलं आणि मराठी भावगीताला त्यांनी जो सूर दिला तो तिथूनच. श्योपूरच्या एका मराठी घरात १९१७ मध्ये जन्मलेले गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे झाले, त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीचे. एकाच घरातून दोन भाषांना दोन कवी मिळाले. आपण मात्र गजाननरावांना 'मराठीने गमावलेला कवी' म्हणतो. मराठीने काय गमावलं? त्यांच्या कवितेचा अनुवाद करायला बसा, म्हणजे हिंदी वाक्याच्या पोटात मराठी घराची हाक किती ठिकाणी ऐकू येते ते कळेल. गमावलं म्हणणाऱ्याला फक्त मालकी मोजता येते.

माझा विरोध महाराष्ट्रातल्या हळहळीला आहे, तसाच इथल्या दुसऱ्या तटबंदीलाही आहे, आणि ती उभारणारा माणूस मराठी घरातला होता. रघुनाथ विनायक धुळेकर हे झाशीचे, मराठी कुटुंबातले, स्वातंत्र्यसैनिक, पुढे पहिल्या लोकसभेत झाशीचे खासदार. संविधान सभेचं काम सुरू झाल्यावर दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबर १९४६ ला, ते हिंदुस्थानीत बोलायला उभे राहिले. सभेत अनेकांना ही भाषा समजत नाही असं सांगितलं गेलं, तेव्हा त्यांनी उत्तर दिलं की ज्यांना हिंदुस्थानी येत नाही त्यांना या देशात राहण्याचा हक्क नाही आणि त्यांनी सभा सोडून जावं. इतिहासाच्या पुस्तकांत हा प्रसंग हिंदीच्या अरेरावीचा दाखला म्हणून येतो. आडनाव मात्र कुणी वाचत नाही. दोनशे वर्षं या मुलखात राहिलेल्या मराठी समाजातला एक मोठा माणूस दुसऱ्यांना 'भाषा येत नसेल तर जा' असं सांगत होता. तट बदलला होता, तटाचं तर्कशास्त्र तेच राहिलं होतं: एक जागा, एक भाषा.

२०२५ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीचा सरकारी निर्णय आला आणि २९ जूनला तो मागे घेतला गेला. लहान मुलांवर तिसरी भाषा लादू नये, हे मला पटतं. पण त्या आठवड्यांत मला पुण्यामुंबईहून जे संदेश आले त्यांत 'तुम्ही तिकडचे तर आता हिंदीच झालात' हे वाक्य निदान चौघांनी लिहिलं. आणि इथे चौराह्यावर फोनवर मराठी बोलताना एका दुकानदाराने हसून विचारलं, "मॅडम, महाराष्ट्र में हिंदीवालों को मारते हैं क्या?" एकाच आठवड्यात मी दोन्ही बाजूंची परकी ठरले. दोन्ही बाजूंना जागेची एकच भाषा हवी होती.

इलाइट चौराह्याची भाषा हिंदी आहे, हे तरी खरं का? भाजीवालीशी बोलताना मला हिंदी फार कमी ऐकू येते. ऐकू येते ती बुंदेली. 'काय' म्हणजे 'का' किंवा 'अहो, ऐका'. हो म्हणायचं तर 'हओ'. इकडेतिकडे म्हणजे 'इतै-उतै'. मुलंमुली म्हणजे 'मोडा-मोडी'. आमच्या आईच्या माहेरी, परकोटातल्या वाड्यात, एका पेटीत मोडी लिपीतले कागद आहेत. वाड्याच्या वाटण्या झाल्या, अर्धा विकला गेला, कागद कुणालाच वाचता येत नाहीत. घरातल्या मोलकरणीला एकदा मी सांगितलं की हे मोडीतले आहेत, तर तिने विचारलं, कोणत्या मोडीचे? कुठल्या मुलीचे? २०११ च्या जनगणनेत बुंदेलीचे सुमारे छप्पन लाख भाषक मोजले गेले आणि हिंदीच्या बेरजेत घातले गेले. आठव्या अनुसूचीत तिचं नाव नाही. ज्या भाषेची ही जमीन आहे तीच आपल्या जमिनीवर पोटभाडेकरू आहे. इथे मराठी पाहुणी असेल, तर हिंदीही काही घरमालकीण नाही. सगळ्यांत जुनी रहिवासी भाषा भाजीच्या हातगाडीवर बसते आणि ऑटोवाल्याच्या हाकेत असते. अनुवादकाला याहून चांगलं शेजार कोथरूडमध्ये मिळणार नाही.

आता खर्चाची बाजू, कारण ती लपवून ठेवली तर हा लेख प्रचार होईल.

पहिला खर्च 'ळ'. माझी मुलगी मराठी फाडफाड वाचते. लिपी एकच असल्याने तिला वाचायला शिकवावं लागलं नाही. चेन्नईत वाढणाऱ्या मराठी मुलाला हा फायदा नाही. पण ती 'बाळ'चं 'बाल' करते, आणि 'केळं' म्हणताना दर वेळी थबकते. माझ्या कानासमोर एक ध्वनी घरातून जातो आहे. तिच्या शाळेत मराठी हा विषय नाही. तिसरी भाषा संस्कृत. मी घरी शिकवते, पण आई शिकवते ती भाषा आईचीच राहते. मैत्रिणीशी भांडायला, मुलाची चेष्टा करायला, गुपित सांगायला लागते ती भाषा समवयस्कांकडूनच मिळते, आणि तशी मराठी मैत्रीण तिला इथे नाही.

दुसरा खर्च पुस्तकांचा. झाशीत मराठी पुस्तकाचं दुकान नाही. वर्षातून दोनदा गोवा एक्स्प्रेसने येणाऱ्या कुणाच्या तरी पिशवीतून पुस्तकं येतात. तंजावरकडे पाहिलं की हेवा वाटतो. ते राज्यही त्याच दशकात खालसा झालं, पण सरस्वती महाल ग्रंथालय शाबूत राहिलं. मराठी आणि मोडीचा मोठा साठा तिथे आजही आहे. झाशीचा ग्रंथसंग्रह एका आठवड्यात गेला आणि त्याची जागा कधीच भरली गेली नाही.

तिसरा खर्च मला स्वतःला लागतो. माझं मराठी तपासणारं आजूबाजूला कुणी नाही, त्यामुळे ते कुठे जुनं होतं आहे आणि कुठे वाकतं आहे हे छापून आल्यावरच कळतं. आणि छापणाऱ्यांचं माप वेगळं असतं. बुंदेलखंडातल्या एका हिंदी कादंबरीच्या माझ्या अनुवादात प्रकाशनाच्या मुद्रितशोधकाने 'चौराहा' सगळीकडे 'चौक' केलं आणि 'लू'चे 'उष्ण वारे' केले. शेरा होता: हिंदी शब्द टाळावेत. झाशीतल्या मराठी घरात 'चौक' म्हणजे वाड्याच्या आतला, आभाळ दिसणारा चौक. चार रस्ते मिळतात तो चौराहा. या दोन गोष्टी आम्ही गेली दोनशे वर्षं वेगळ्या ठेवल्या आहेत. त्या कादंबरीतली म्हातारी चौकात बसते आणि तिचा नातू चौराह्यावर. शुद्धीकरणानंतर दोघं एकाच ठिकाणी येऊन बसले. आणि उष्ण वाऱ्यांनी माणूस मरतो हे पुण्यातल्या वाचकाला पटणार कसं? लू लागून मरतो. जो शब्द माझ्या आजीने मराठी वाक्यात आयुष्यभर वापरला तो मराठी नाही, हे कुणी ठरवायचं?

इथे खरा मुद्दा येतो. मुलीचा 'ळ' आणि माझा 'चौराहा' एकाच कागदावर आहेत. पुण्याला गेलो तर 'ळ' कदाचित वाचेल. 'कदाचित' म्हणते, कारण मावसभावाची दोन्ही मुलं इंग्रजी शाळेत आहेत. 'ळ' त्यांना येतो, पण मराठीतले आकडे येत नाहीत आणि मराठी पुस्तक त्यांनी शाळेबाहेर उघडलेलं नाही. त्या घराभोवती मराठी आहे म्हणून त्या घरातल्या कुणाला मराठीसाठी काही करावं लागत नाही. आमच्या घरात रोज करावं लागतं. दोन्हींतून काय टिकतं हे मी आकड्यांनी सांगू शकणार नाही, पण 'तिकडे आपोआप टिकेल' हे मी ऐकून घेणार नाही. 'चौराहा' मात्र पुण्याला गेलो तर नक्की जाईल. दोन पिढ्यांत नव्हे, दोन वर्षांत.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. मला दूरदूरच्या मित्रांचे अभिनंदनाचे फोन आले आणि मला गंमत वाटली, कारण 'इलाइट'चं मराठी करायचं तर 'अभिजन' करावं लागतं. अभिजन काय, अभिजात काय, दोन्ही शब्द कुळाची चौकशी करतात. दर्जाही कुळावरच मिळतो: भाषा किती जुनी, ग्रंथ किती प्राचीन. ती चौकशी झाली, निकाल चांगला लागला, आनंद आहे. पण कुळ सिद्ध झाल्याने भाषेला पुढचं घर मिळत नाही. नारोशंकरांच्या काळात मराठीने ओरछाच्या जमिनीवर घर केलं, ते कुळ दाखवून नव्हे. शेजारी बुंदेली होती, कचेरीत फारसी होती, आणि दोन्हींकडून उचलत ती राहिली.

म्हणून मी राहते आहे. मुलीलाही विचारलं, तिचं उत्तर होतं की मैत्रिणी इथे आहेत, आणि ते कारण माझ्या सगळ्या कारणांहून पक्कं आहे. पण राहण्याच्या या निर्णयासोबत माझ्या तीन मागण्या आहेत, आणि त्या महाराष्ट्रातल्या संपादकांकडे, प्रकाशकांकडे आणि विद्यापीठांकडे आहेत. पहिली: महाराष्ट्राबाहेरून आलेल्या मराठी मजकुरातला अनोळखी शब्द कापण्याआधी लिहिणाऱ्याला एक फोन करा. तो हिंदीतून आलेला आळस आहे की त्या गावच्या मराठीची गरज, हे फोनवर दोन मिनिटांत कळतं. दुसरी: मोडी वाचायला शिकवणारे वर्ग पुण्यामुंबईत चालतात, तिथून वर्षाला दोन विद्यार्थी झाशी, सागर, ग्वाल्हेर, इंदूर, बडोद्याच्या घरांतल्या पेट्या उघडायला पाठवा, किल्ले बघायला हजारो येतात. तिसरी: 'बृहन्महाराष्ट्र' नावाचा कोपरा बंद करा. आमचं लेखन कवितेच्या पानावर कविता म्हणून आणि वादाच्या पानावर वाद म्हणून छापा, नाहीतर परत पाठवा. कोपऱ्यात ठेवलेल्या माणसाला हळहळ मिळते, उत्तर मिळत नाही. आणि मला उत्तर हवं आहे, कडक असलं तरी चालेल.

पाहुण्यांनी जरूर यावं. किल्ला दाखवीन, राणीमहाल दाखवीन, लक्ष्मी तलावाकाठची गंगाधररावांची समाधी दाखवीन, राणीचं लग्न लागलं ते गणेश मंदिरही दाखवीन. संध्याकाळी चहाला मात्र इलाइटवरच यावं लागेल. स्टेशनवरून ऑटोवाल्याला 'चौक' सांगू नका. तो तुम्हाला कुणाच्या तरी वाड्यात नेऊन सोडेल.